किल्ली अडली तर जोर नको



ट्रॉली भरलेली, कारखान्याकडे निघायची घाई, आणि ट्रॅक्टरची किल्ली काही फिरत नाही! मग कोणी पकडीने पिळतो, कोणी वायरी ओढून ‘डायरेक्ट’ करतो. दोन्ही उपाय अंगाशी येतात.

पुरानंतर ही तक्रार आमच्याकडे जास्त येते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वालधुनीचे पाणी कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी भागात शिरले. तिथल्या आमच्या पाहुण्यांची मोटार पाण्यात राहिली. इंजिन दुरुस्त झाले, पण किल्ली फिरेना. कुलपात गाळ बसलेला. २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर कृष्णा-पंचगंगेकाठीही आम्ही हेच पाहिले.

कुलपात पितळेच्या बारीक पत्त्या व स्प्रिंगा असतात. किल्लीच्या खाचांनी सगळ्या पत्त्या नीट जुळल्या तरच कुलूप फिरते. गाळ बसला किंवा किल्ली झिजली, की पत्ती अडते. अशा वेळी जोर केला तर किल्ली आतच मोडते.

मोटारीचे स्टिअरिंग अडकले असेल तर ते हलके डावी-उजवीकडे हलवीत किल्ली फिरवावी. मग घरात ठेवलेली, न झिजलेली किल्ली लावून पाहावी. तिने कुलूप फिरले तर दोष जुन्या किल्लीचा. नवी किल्ली चांगलीवरूनच करून घ्यावी, झिजलेलीवरून नव्हे.

तरीही अडले, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. विजेच्या जोडण्या साफ करायचा फवारा कुलपात मारून पुरते वाळू द्यावे. नंतर शिसपेन्सिलीची बारीक पूड किल्लीला चोळून दहा-बारा वेळा किल्ली आत-बाहेर करावी. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

किल्ली फिरते पण दिवाच लागत नाही, तर कुलूप निर्दोष समजावे. फ्यूज, बॅटरीच्या जोडण्या, कुलपामागचा स्विच तपासावा. किल्लीत चिप किंवा स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली नवी गाडी मात्र घरी खोलू नये; मेस्त्रीकडेच न्यावी.

आणि वायरी ‘डायरेक्ट’ करून फडात कधीच जाऊ नका. उघड्या जोडाची एक ठिणगी वाळल्या पाचटाला पुरते. शिवाय असा ट्रॅक्टर खेळता खेळता पोरगंसुद्धा चालू करील. स्विच बाजारात मिळतो. जळालेला फड आणि गेलेला जीव कुठं मिळायचा?