'बाहेरून' नव्हे, घरातून

'आमची मुलगी बाहेरून बी.ए. करते,' असं सांगताना आईबापांचा आवाज जरा खाली येतो. त्या 'बाहेरून' शब्दात एक जुना गैरसमज दडलेला आहे. बाहेरून बसणं म्हणजे फॉर्म भरायचा, गाईड आणायचं आणि थेट परीक्षेला जायचं. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरणारी मुलं आपल्याला ठाऊक आहेतच. दूरशिक्षणाचं तसं नाही. तिथे पुस्तकं विद्यापीठच तयार करतं, आणि समोर शिक्षक नाही हे धरूनच ती लिहिलेली असतात. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं होतात, स्वाध्याय लिहून द्यावे लागतात. साधारणपणे ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात.

आपल्या देशात ही वाट नवी नाही. दिल्ली विद्यापीठानं १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठानं १९७१ साली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे 'इग्नू', स्थापन झालं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. उर्दूतून शिकलेल्यांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ पासून आहे.

आज कॉलेजात असलेल्या मुलामुलींना यातून तीन वाटा मिळतात.

पहिली, ज्यांचं कॉलेज सुटण्याची वेळ आली आहे त्यांची. वडील अंथरुणाला खिळले, संध्याकाळची एस.टी. बंद झाली, मालेगाव-भिवंडीकडे पोराला यंत्रमागावर उभं राहावं लागलं, मुलीचं लग्न ठरलं. शिक्षण थांबायला एवढं कारण पुरतं. अशा वेळी मुक्त विद्यापीठात पदवी पुरी करता येते. २०२१ साली सुरू झालेल्या 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये कमावलेले श्रेयांक जमा राहतात. त्यातले किती धरायचे ते नवं विद्यापीठ ठरवतं, म्हणून प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्यावं.

दुसरी वाट जोडपदवीची. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. रोज कॉलेजात जाऊन बी.कॉम. आणि घरून इतिहास किंवा मराठी घेऊन बी.ए., असं करता येतं.

तिसरी वाट 'स्वयम्'ची. केंद्र सरकारच्या या संकेतस्थळावरचे पाठ फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरायची. आपल्या विद्यापीठानं मान्य केलं असेल, तर ते श्रेयांक पदवीतही धरले जातात.

'या पदवीला किंमत असते का?' हा प्रश्न नेहमी येतो. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असं आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'मान्यताप्राप्त' हा शब्द मात्र विसरू नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्थेचं नाव हवं, आपला अभ्यासक्रम हवा आणि प्रवेशाचं वर्षही हवं. या तिन्हींतलं एक नसलं तरी पैसे भरू नयेत. २०२४ पासून विद्यार्थ्याला या विभागाकडून 'डेब आयडी' घ्यावा लागतो, तो स्वतः काढावा. विद्यापीठाला दूरशिक्षण दुसऱ्याच्या हाती चालवायला देता येत नाही. त्यामुळे 'आमच्याकडे भरा, वर्षात पदवी हातात' असं सांगणाऱ्या क्लासवाल्याकडे पाठ फिरवावी.

काही विषय मुळातच या पद्धतीनं शिकता येत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण, नर्सिंग हे त्यातले. मानसशास्त्र आणि आहार-पोषणाचे अभ्यासक्रमही २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंद केले आहेत.

आता खरी अडचण. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, म्हणजे ३,६०० तास. वर्षाला १,२०० झाले, म्हणजे रोजचे जवळजवळ सव्वातीन तास! कॉलेजात घंटा वाजते, हजेरी होते. घरात घंटा आपणच वाजवायची. पुष्कळ जण इथेच गळतात. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर घरात बसलेल्या मुलीला 'रिकामी' समजून प्रत्येक जण काम सांगतो म्हणून.

तेव्हा पालकांना माझं एकच सांगणं आहे. प्रवेशाची फी भरलीत, तर त्यासोबत रोजचे तीन तासही द्या. त्या वेळात मुलीला चुलीपुढून आणि मुलाला दुकानातून मोकळं करा. गावात अशी चार मुलं असतील, तर वाचनालयाची किंवा शाळेची एक खोली त्यांना संध्याकाळी उघडून द्या. पुस्तक विद्यापीठ घरी पाठवील. ते उघडायला सवड मात्र घरानंच द्यायची असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)