गावतळे गाळाने का भरते?



उन्हाळ्यात तळे आटले की पोकलेन लावून गाळ उपसायची घाई सुरू होते. गाळ काढावाच. हलक्या, मुरमाड रानात तो पसरला तर रान सुधारते. (भारी काळ्या रानात मात्र नेऊ नका, आणि गाळ चुनखडीचा वाटला तर आधी माती तपासून घ्या.) पण काही पावसाळे गेले की तळे पुन्हा गाळाने भरते आणि पुन्हा वर्गणी गोळा करायची वेळ येते.

एक सोपी परीक्षा करून बघा. पहिल्या जोरदार पावसात तळ्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाचे पाणी वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत भरा. रात्रभर बाटल्या हलवू नका. सकाळी तळाशी बसलेला थर पाहा. ज्या बाटलीत थर जाड, त्या ओहोळाच्या काठाने वर चालत जा. उघडा माळ, उताराच्या दिशेने केलेली नांगरट, नाहीतर फुटलेला बांध, काहीतरी सापडेलच.

एका एकरावर इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे १ लाख लिटर पाणी पडते. ५० एकरांच्या माळावर ५० लाख लिटर! ते सगळेच काही वाहून जात नाही, पण उघड्या माळावरून जेवढे वाहते तेवढे माती घेऊनच खाली येते. म्हणून काम माथ्यावरून सुरू करायचे आणि पायथ्याकडे यायचे.

माथ्यावर समपातळीत चर खणा. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल पुरतात. माती खालच्या बाजूला टाकून तिच्यावर पवना, मारवेल असे गवत लावा. पातळी नजरेच्या अंदाजाने धरू नका. गवंडी पाण्याची नळी वापरतात, तीच घ्या. चर जरासा कलला तरी सगळे पाणी एका टोकाला जाते, चर फोडते आणि तिथे नवी घळ पडते. मग लोक म्हणतात, चरांचा उपयोग नाही. ओघळीत अनगड दगडांचे बुटके बांध घाला. नाल्याची पाळी सर्वांत शेवटी.

नाला खोल करताना सांभाळा. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी साठते ते मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात. मशीन आहे म्हणून ते सारे खरवडून काढले, तर शेजारच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात पाझरून निघून जाईल.

चर खणणे त्या मानाने सोपे. चराईबंदी पाळणे अवघड, आणि त्याचे कारण रास्त आहे. ज्याला जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याने त्या कुठे न्यायच्या? म्हणून सगळा माळ एकदम बंद करू नका. तीन भाग करा, एकेक भाग आळीपाळीने राखा. राखलेल्या भागातले गवत कापून न्यायचा पहिला मान भूमिहीनांचा ठेवा. तसेच वरच्या शेतकऱ्याचे. बांधात जमीन त्याची जाते, विहीर मात्र खालच्याची भरते. तेव्हा खालच्यांनी श्रमदानाला आधी वरच्याच्या रानात जावे. हे ग्रामसभेत बोलून, लिहून ठेवा. नुसत्या तोंडी ठरावावर पहिल्या टंचाईत भांडणे होतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना माथा ते पायथा कामे केली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली. किती पाऊस झाला ते मोजून तिथे पीक ठरते. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी घरातल्या माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले, भूमिहीनांचाही हक्क मानला आणि उसाला पाणी नाकारले. आमच्या मते सर्वांत कठीण कलम हे उसाचेच! वर अडवलेले पाणी खाली दोन-चार मळ्यांनी ओढून नेले, तर पुढच्या वर्षी श्रमदानाला कोण येईल?

चराचे काम उन्हाळ्यात उरका आणि गवताचे बी पावसाच्या तोंडावर टाका. रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून घालायचा वनराई बंधारा पाऊस ओसरल्यावर, नाल्याला बारीक धार असतानाच घाला. पहिल्या मोठ्या पावसानंतर फावडे-घमेले घेऊन माथ्यावर फेरी मारा. जिथे चर फुटला असेल तिथे त्याच दिवशी दगड लावा. आणि त्या बाटल्या फेकू नका. नावे घालून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच ओहोळांचे पाणी भरून शेजारी ठेवून बघा.