माईक ज्याच्या हातात आहे त्याचं स्वातंत्र्य

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न वेळेअभावी राहून गेला होता. प्रश्न असा: रेडिओवर कोणी काही वावगं बोललं, लोक भडकले आणि त्याची नोकरी गेली, तर त्याच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आला असं म्हणायचं की नाही? आज एवढा एकच प्रश्न घेऊ. हवेत बोलण्यापेक्षा एक घडलेलं प्रकरण समोर ठेवू या. ते अमेरिकेतलं आहे, २००७ सालचं.

डॉन आयमस नावाचा एक नामांकित निवेदक होता. न्यूयॉर्कच्या रेडिओवरचा त्याचा सकाळचा कार्यक्रम देशभर ऐकला जाई आणि एमएसएनबीसी या वाहिनीवर तो दिसतही असे. फटकळपणा हाच त्याचा माल. ३ एप्रिलला रटगर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेनेसीकडून हरला. (बास्केटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण अंतिम सामन्यापर्यंत जाणं म्हणजे काय ते कळतं.) दुसऱ्या दिवशी सकाळी आयमसने या मुलींबद्दल एक वाक्य उच्चारलं. त्यात त्यांच्या केसांवरून वंशाची टवाळी होती आणि चारित्र्याबद्दल शिवी होती. संघातल्या बहुतेक मुली कृष्णवर्णीय होत्या. ते वाक्य मी इथे उच्चारणार नाही. त्याची गरजही नाही.

आता कायद्याचं उत्तर दोन मिनिटांत होतं. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, मालकाचे नाही. आपल्याकडेही कलम १९ मधलं स्वातंत्र्य मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचं असतं. आयमसला कोणी तुरुंगात टाकलं नाही, दंड केला नाही. बोलण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने चालणाऱ्या माईकवरचा हक्क नव्हे. झालं, प्रश्न मिटला.

पण खरंच मिटला का? मला नाही वाटत. कारण ज्या मिलचं नाव आपण या विषयात सारखं घेतो, त्याला सरकारइतकीच, किंबहुना जास्त, भीती समाजाची वाटत होती. १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' लिहिताना त्याने स्पष्ट म्हटलंय की समाजाचा दाब कायद्यापेक्षा खोल शिरतो, त्यातून सुटायला वाटा कमी राहतात. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मिल मनापासून वाचलेल्या आगरकरांना सरकारने काय छळलं असेल ते असो, पण पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली ती लोकांनी. म्हणजे 'सरकारने काही केलं नाही ना, मग स्वातंत्र्य शाबूत आहे' हे उत्तर अपुरं आहे.

मग आयमस आणि आगरकर एकाच पंक्तीत बसवायचे? इथे जरा थांबून बघू. आगरकर बहुसंख्यांच्या समजुतीविरुद्ध एक मत मांडत होते. त्या मताला उत्तर देता येत होतं, दिलंही गेलं. आयमसच्या वाक्यात मत कुठलं होतं? 'तुम्ही नीट खेळला नाहीत' असं तो म्हणाला असता तर मुलींनी प्रतिवाद केला असता. शिवीचा प्रतिवाद कसा करणार? 'आम्ही तशा नाही' असं म्हणावं लागणं हाच अपमान आहे.

काही लोक म्हणतात, आवडत नसेल तर रेडिओ बंद करा. या युक्तिवादाला वजन आहे. जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाने १९८५ मध्ये 'ऑफेन्स टू अदर्स' या ग्रंथात हाच निकष नीट मांडला: जे सहज टाळता येतं त्याची तक्रार कमजोर. पण हा निकष श्रोत्याला लागू पडतो. ज्या मुलीबद्दल बोललं गेलं तिने रेडिओ लावलाच नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे तिच्याकडे बघणारच. तिने कोणतं बटण बंद करायचं?

माझा स्वतःचा एक प्रसंग सांगतो, सांगायला बरा वाटत नाही तरी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तर्कशास्त्राच्या तासाला एक खेड्यातला मुलगा 'पानी' म्हणाला. मी त्याची नक्कल केली. वर्ग हसला, मलाही जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर गेला आणि वर्षभर एक शब्द बोलला नाही. माझ्याविरुद्ध कोणी ओरड केली नाही. माझं स्वातंत्र्य अगदी अबाधित राहिलं, त्याचं मात्र गेलं. गप्प बसवणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नेहमी माईकवाला येतो. शेवटच्या बाकावरचा येत नाही.

तर, परत आयमसकडे. ओरड सुरू झाल्यावर ९ एप्रिलला त्याला दोन आठवड्यांचं निलंबन जाहीर झालं. मग मोठमोठे जाहिरातदार बाहेर पडले, प्रॉक्टर अँड गँबल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्सप्रेस. ११ तारखेला एमएसएनबीसीने कार्यक्रम दाखवणं थांबवलं, १२ ला सीबीएसने त्याला काढूनच टाकलं. आता बघा, ४ तारखेला जे वाक्य होतं तेच १२ तारखेलाही होतं. नीती बदलली नव्हती, हिशेब बदलला होता. मला या प्रकरणात खटकतं ते हे. आज जाहिरातदार मुलींच्या बाजूने गेले, उद्या ते एखाद्या गिरणी कामगाराच्या किंवा नास्तिकाच्या विरुद्ध जातील, आणि तेव्हाही यंत्र हेच असेल. लोकांचा राग रास्त असूनही निवाडा मात्र गल्ल्यावर झाला.

पण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. १० एप्रिलला त्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर पत्रकारांसमोर बसल्या. ही भावी डॉक्टर, ही संगीतात पारंगत, अशी स्ट्रिंगर यांनी त्यांची ओळख करून दिली. कर्णधार एसेन्स कार्सन शांतपणे बोलली. त्यांनी हकालपट्टी मागितली नाही, भेट मागितली. १२ तारखेच्या संध्याकाळी, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी, ती भेट बंद दाराआड झाली. दुसऱ्या दिवशी संघाने त्याची माफी स्वीकारल्याचं सांगितलं. गंमत बघा, ज्यांचा अपमान झाला त्यांनी माफ केलं, तोवर ज्यांनी त्याच फटकळपणावर वर्षानुवर्षं पैसा कमावला त्यांनी हात झटकले होते.

म्हणून प्रश्नकर्त्यांना माझं उत्तर असं: आयमसचा हक्क हिरावला गेला असं मी म्हणणार नाही. डिसेंबरमध्ये तो दुसऱ्या रेडिओ केंद्रावर परतलाही. लोकांनी ओरड केली हे त्यांचंही भाषणस्वातंत्र्यच. पण त्याला काढण्यापेक्षा, मला विचाराल तर, त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, तोच माईक एक सकाळभर त्या मुलींच्या हाती द्यायला हवा होता, आणि त्याने समोर बसून ऐकायला हवं होतं. जाहिराती असोत वा नसोत.

घोटभर पाणी पितो, मग तुमचे प्रश्न घेऊ.