दहातले सहा सोडून देणारा पहारेकरी

समाजमाध्यमांवरची शिवीगाळ आणि खोडसाळपणा आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आवरेल, माणसांची गरज उरणार नाही, असे दावे सतत कानावर येतात. ते ऐकले की मला इंग्रजी विकिपीडियावरचा ‘क्लूबॉट एनजी’ हा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आठवतो. कोणी लेखात शिव्या घुसडल्या किंवा मजकूर पुसला, तर २०१० पासून हा बॉट काही सेकंदांत तो पूर्ववत करतो आहे. माणसांनी आधी ‘चांगले’ आणि ‘खोडसाळ’ असे वेगळे काढलेले बदल पाहून तो शिकला. प्रत्येक नव्या बदलाला तो गुण देतो. गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की बदल रद्द!

सगळी मेख या मर्यादेत आहे. चाळणीची भोकं बारीक केली की खडे जास्त अडकतात, पण टपोरे दाणेही अडकतात. आधी चारशे प्रामाणिक बदलांमागे एक चुकून रद्द झाला तरी चालेल, असं ठरलं होतं. तेव्हा सुमारे ५५ टक्के खोडसाळपणा पकडला जाई. पुढे ही चूक हजारात एकवर आणली आणि पकड ४० टक्क्यांवर आली. म्हणजे दहातले सहा खोडसाळ बदल जाणूनबुजून माणसांवर सोपवले. शिवाय एका पानावर एकाच माणसाला हा बॉट दिवसातून साधारणपणे एकदाच रोखतो. त्याने पुन्हा तेच लिहिलं, तर निवाडा माणसं करतात.

२०११ मध्ये हा बॉट काही वेळा बंद पडला. स्टुअर्ट गायगर आणि ॲरन हॅल्फेकर या संशोधकांनी त्या काळाचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. खोडसाळ बदल काढायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट झाला होता, पण अखेरीस सफाई तितकीच झाली होती. ती केली स्वयंसेवकांनी. यंत्राने वाचवला तो वेळ. विवेक माणसांचाच होता.

मराठीतही हेच. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या संशोधन गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा २५ हजारांहून अधिक ट्वीटचा संच आणला. द्वेष कुठला आणि नुसती शिवी कुठली, हे त्यात आधी माणसांनी ठरवलं, मग यंत्र शिकलं.

म्हणून पुढचा दावा वाचाल तेव्हा ‘किती टक्के पकडलं’ यावर थांबू नका. हजारातले किती निरपराध अडकले आणि त्यांचं ऐकून घ्यायला माणूस आहे का, हेही विचारा.