जुन्या जीपचा गोतावळा

३९ भागिले ८ आणि ४३ भागिले ८. या दोन भागाकारांची उत्तरे ज्या मालकाला ठाऊक नसतात, त्याची जुनी जीप त्याला मोठ्या खर्चात पाडते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये मोठ्या क्राउनला ३९ दात आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ८ दात असत. गुणोत्तर आले ४.८८. पुढे १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी जीपमध्ये हेच दात ४३ आणि ८ झाले, म्हणजे ५.३८. मागचा ॲक्सल घरघरतो म्हणून कोणी भंगारातून सीजे-३बीचा आख्खा ॲक्सल आणला आणि युद्धकाळातल्या जीपला बसवला, तर गाडी चालते. कित्येक महिने कुणाला काही कळतही नाही. मग एखाद्या श्रावणात काळ्या रानात गाडी रुतते, मालक फोर-व्हीलचा दांडा ओढतो आणि पुढची चाके मागच्या चाकांशी भांडू लागतात. दोन्हींच्या वेगात दहा टक्क्यांचा फरक. चिखलात चाके घसरून तो ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर दांडा तसाच राहिला, तर टायर झिजतात, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो किंवा पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचे गिअर जातात.

जुन्या गाडीचे इंजिन सगळ्यांना दिसते. बॉनेट उघडले की पाहुणे वाकून बघतात, फोटो काढतात. त्या इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारी क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि ॲक्सलची साखळी मात्र गाडीच्या पोटाखाली तेलकट काळोखात असते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह हे कुठून ना कुठून जमवता येतात. गिअरचा एक दात तुटला की गाडी वर्षानुवर्षे विटांवर उभी राहते.

परभणीसारख्या जिल्ह्यात अशा गाड्यांचा शोध घेतला तर जीप पुढे येणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार म्हणवला जाई, आणि मोटारीसंबंधीच्या कामाला तोंड हैदराबादकडे असे. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्तेवाहतूक सुरू केली, त्यांत स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. त्या बसना बॉडी बांधायला १९४२ मध्ये हैदराबादेत ऑलविनचा कारखाना निघाला. मुंबईला जायचे तर मनमाडला मीटरगेज सोडून ब्रॉडगेज पकडावी लागे. हैदराबादला मात्र थेट गाडी होती. म्हणून मराठवाड्यातल्या मोटारवाल्यांना सुट्या भागांसाठी मुंबईइतकेच सिकंदराबादचे राणीगंज जवळचे वाटत आले आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून शेवरोले जोडत होती, फोर्डही जोडणी करत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने ठरवले की, सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायची तयारी असलेल्या कंपन्यांनाच या देशात जागा. या दोन्ही परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला. ज्यांच्या दारात फोर्ड किंवा शेवरोले होती, त्यांच्या गाडीचा नव्या सुट्या भागांचा झरा तिथेच आटला. उरल्या त्या उत्तरपाऱ्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची वालचंद हिराचंदांनी उभारलेली प्रीमियर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत १९४७ पासून विलिस जीप जोडणारी महिंद्रा.

त्याच सुमारास, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची, म्हणजे ‘बीडीओची जीप’ गावागावांत पोचली. आरोग्य खात्याकडे युनिसेफने दिलेल्या गाड्या आल्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर अधिकारी फिरले तेही जीपमधूनच. या गाड्या निवृत्त झाल्या की लिलावात निघत आणि कुणा शेतकऱ्याच्या, जिनिंगवाल्याच्या किंवा गॅरेजवाल्याच्या दारात येत. जिंतूरकडच्या डोंगराळ रस्त्यांना आणि गोदाकाठच्या गाळाला तीच गाडी पुरून उरे.

जीपचे भाग्य असे की तिचा गोतावळा मोठा. महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, आणि त्याही एकाच आराखड्यावर. एकीचा गिअर दुसरीला चालावा ही लष्कराची अटच होती. फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवले. आजचा जाणकार ते अक्षर बघूनच भाग कुणाचा हे ओळखतो. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. महिंद्राने त्याच घडणीच्या जीप पुढे कित्येक दशके बनवल्या. त्यामुळे युद्धकाळातल्या टी-८४ गिअरबॉक्सचे भाग मिळाले नाहीत, तर तिची धाकटी बहीण टी-९० मिळते, आणि ती बसवलेल्या जुन्या जीप पुष्कळ दिसतात.

तरी गोतावळ्यातले सगळे एकमेकांना चालतात असे नाही. स्पायसर १८ ही ट्रान्स्फर केस दोन्ही पिढ्यांत आहे. बाहेरचा ओतीव डबा जवळजवळ सारखा. आतला मधला शाफ्ट युद्धकाळात पाऊण इंच जाडीचा होता, पुढे तो १ १/८ इंचाचा झाला आणि नंतर सव्वा इंचाचा. डबा बघून गिअर घेतला तर तो शाफ्टवर जात नाही, किंवा जाऊन डुगडुगतो. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो उशिरा कळतो.

म्हणून दुकानदाराला गाडीचे नाव सांगण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हाती घ्यावा. बेअरिंगच्या बाबतीत तर गाडीचे नाव लागतच नाही. रिंगवर ६२०७ असा आकडा असेल, तर आतले भोक ३५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ७२ आणि जाडी १७. बेअरिंग जर्मन असो, जपानी असो की भारतीय. पंपाच्या मोटारीत बसणारे हेच बेअरिंग जुन्या गिअरबॉक्समध्येही बसू शकते. जुन्या अमेरिकी आणि इंग्रजी गाड्यांत इंची मापाची निमुळती बेअरिंगे असतात, त्यांच्या कपाचा आणि कोनचा नंबर वेगवेगळा असतो. दोन्ही लिहून घ्यावे लागतात. ऑइल सीलचेही असेच. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी ही तीन मापे पुरतात. चामड्याचे जुने सील काढून रबरी सील बसवणे हा बदल गाडीचे जुनेपण घालवत नाही; फरशीवरचे तेल मात्र घालवतो.

क्लच प्लेटही फारशी रडवत नाही. मधला हब शाबूत असेल, त्यावरच्या दातांची खाच झिजलेली नसेल, तर नवे लायनर रिव्हेट मारून बसवून देणारे कारागीर ट्रक-ट्रॅक्टरच्या धंद्यामुळे अजून टिकून आहेत. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस मिळवायचा तर कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधली एकूण लांबी मोजायची. टेम्पोचा, पिकअपचा, कधी ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस नेमका त्या मापाचा निघतो.

खरी परीक्षा गिअरपाशी. जीप, अँबेसेडर, फिएट ११०० या तिन्हींच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवून घेणारी सोय, नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, किंवा डबल क्लच मारायचा, हे जुन्या ड्रायव्हरांच्या हातापायांत मुरलेले असे. नव्या हातांनी घाई केली की पहिल्या गिअरचे दात कडेने उडतात. म्हणूनच जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा पहिला आणि रिव्हर्स हेच गेलेले सापडतात, आणि बाजारात मिळणाऱ्या वापरलेल्या पेटीतही नेमके तेच गेलेले असतात.

अशा वेळी गिअर बनवून घेण्याचा मार्ग उरतो. मानवत, सेलू, परभणी हा कापसाचा पट्टा. जिनिंगच्या यंत्रांना शाफ्ट, बुश आणि गिअर लागतात, त्यामुळे लेथ चालवणारे जाणते टर्नर इथे आहेत. लेथवर शाफ्ट होतो, बुश होतो. गिअर कापायला हॉबिंग मशीन लागते, आणि त्याआधी हिशेब. सरळ दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास ८० मिलिमीटर आणि दात ३० असतील, तर दातांच्या संख्येत २ मिळवून व्यासाला भागायचे: ८० भागिले ३२, म्हणजे अडीच मॉड्यूल. इटालियन फिएटसाठी हा हिशेब बरोबर आहे. इंग्रजी-अमेरिकी गाड्यांत माप इंचात असते, ज्याला डायमेट्रल पिच म्हणतात. १० डीपीचा गिअर मॉड्यूलमध्ये २.५४ येतो. अडीच आणि २.५४ यांत फरक तो किती, असे म्हणून कारागीर अडीचचाच कटर लावतो. गिअर बसतो, फिरतो, आणि पहिल्याच फेरीपासून किंचाळतो. दात तिरपे असतील तर वरचे साधे सूत्रही चालत नाही, तिरकेपणाचा कोन हिशेबात घ्यावा लागतो.

कापण्याइतकेच महत्त्व भट्टीला. गिअरचा पृष्ठभाग रॉकवेलच्या मापाने ५८ ते ६२ इतका कडक हवा आणि आतला गाभा चिवट राहिला पाहिजे. त्यासाठी २० एमएन सीआर ५ सारखे पोलाद घेऊन कार्ब्युरायझिंग करावे लागते. साध्या पोलादाचा गिअर लाल करून तेलात बुडवला की काम झाले, असे सांगणारे भेटतात. तो गिअर एक हंगाम चालतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात वाहनउद्योगामुळे हीट ट्रीटमेंटची सोय आहे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न करण्यापासून ओतकामापर्यंत सगळे मिळते. परभणीहून तिथवर एक गिअर घेऊन जाणे वेडेपणाचे वाटले तरी स्वस्तात पडते.

क्राउन-पिनियन मात्र बनवून घेण्याच्या फंदात पडू नये. वळणदार दातांची ही जोडी खास यंत्रांवर कापतात आणि नंतर दोन्ही एकमेकांवर घासून जुळवतात. जोडीवर जुळणीचा क्रमांक कोरलेला असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन, दोन्ही चांगले दिसत असले तरी, एकत्र बसवू नयेत. बसवताना दातांवर तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा रंग लावून जोडी फिरवतात. ठसा दाताच्या मध्यावर पडेपर्यंत पातळ शिम घालत-काढत राहतात. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी ठेवायची, आणि ती डायल गेजवरच मोजायची. अंगठ्याने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नये, तो कितीही अनुभवी असला तरी.

मग ही जोडी आणायची कुठून? मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत, सिकंदराबादेत राणीगंजला, दिल्लीत काश्मिरी गेटला. जीपसाठी पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. तिथे जुन्या जीप खोलणे आणि नव्याने उभ्या करणे हाच धंदा झाला. सौदा करताना मात्र दातांची संख्या, स्प्लाइनची संख्या आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो आधी मागवावा. ‘फिट होऊन जाईल’ या आश्वासनावर पैसे पाठवू नयेत.

या बाजारांचे स्वरूप झपाट्याने बदलते आहे. फिएटचे, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे, सुटे भाग मुंबईत सहज मिळत, याचे कारण काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटच्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. गिऱ्हाईकच नाही तर दुकानदार माल कशाला भरेल? अँबेसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते आणि ती अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढावी लागतात. प्रदूषणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. पण तहसीलच्या आवारातल्या लिलावातून एक जीप घेऊन तिच्या अवयवांवर दुसरी जगवायची, ही मराठवाड्यातली जुनी वाट त्याने बंद केली.

कायदा जुन्या गाड्यांना थोडी सवलतही देतो. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. जीपमध्ये डिझेल इंजिन आणि त्याबरोबर पाच गिअरची नवी पेटी बसवण्याची आपल्याकडे फार हौस. ती करण्याआधी मालकाने हा नियम वाचलेला बरा.

एक साधी गोष्ट बाजारात कोणी सांगत नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या पितळी रिंगा असतील तर तिथे जीएल-५ दर्जाचे आधुनिक तेल घालू नये. त्यातली गंधकयुक्त रसायने पितळ खाऊ शकतात. जीएल-४ मागावे. इतक्या खटपटीने मिळवलेले भाग चुकीच्या तेलाने घालवण्यात अर्थ नाही.

आणि परभणी, पूर्णा, गंगाखेड, पाथरी, कुठल्याही गावात ज्यांच्या गोठ्यात किंवा वाड्यामागे अशी गाडी उभी आहे, त्यांना एकच विनंती. पत्रा सडला असेल, इंजिन जाम झाले असेल, तरी गाडी किलोच्या भावाने देण्याआधी गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही ॲक्सल उतरवून घ्या, त्यांत तेल भरा, तोंडे कापडाने बांधा आणि क्राउन-पिनियनच्या दातांची संख्या डब्यावर रंगाने लिहून ठेवा. तुम्हाला नको असलेला तो गंजका डबा शेजारच्या तालुक्यातला कोणीतरी शोधत असण्याची शक्यता बरीच आहे.