थंडीतला रस्ता: माळावर मोकळा, नदीकाठी आंधळा



ऊसतोडणी सुरू झाली की आपल्या शिरूर-दौंडचे रस्ते रात्रंदिवस जागे असतात. त्यातच पहाटे कुणी डेअरीला दूध घालायला निघते, कुणी भाजी घेऊन बाजाराला, तर कुणी एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला. "थंडीचं जपून जा गं," असं घरचे सांगतात. पण थंडी तर सगळ्या गावांत असते. मग एक रस्ता सोपा आणि दुसरा जिवावरचा, असं का होतं?

आधी लांबचं बघू. लडाखमध्ये पाणी तर गोठतंच, पण साधं डिझेलसुद्धा थिजतं. म्हणून 2019 साली तिथे उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल विकायला आणलं. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर बसतो, तो दिसत नाही आणि चाक घसरतं. तिथे अडचण गारठ्याची आहे. पंजाब-हरियाणात रस्त्यावर बर्फ नसतो, तरी डिसेंबर-जानेवारीत गाड्या एकमेकींवर आदळतात. तिथे अडचण धुक्याची. आपलं दुखणं या दुसऱ्या जातीचं आहे. म्हणजे किती थंडी पडली यापेक्षा जमीन कशी आहे आणि पाणी किती जवळ आहे, याला जास्त महत्त्व.

धुकं होतं कसं? रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब सोडून देते. आभाळ असलं तर ते गोधडीसारखं काम करतं, ऊब अडवतं. जमीन गार झाली की तिला टेकलेली हवा गार होते. गार हवेत वाफ कमी मावते. जास्तीची वाफ पानांवर बसली तर दव, हवेत बारीक थेंब होऊन तरंगली तर धुकं. वारा पडलेला असला की ते जागचं हलत नाही.

आता आपले तालुके डोळ्यांपुढे आणा. पाबळ, कान्हूर मेसाईकडे उंच, कोरडा माळ. हवेत ओल कमी, त्यामुळे धुकंही कमी. उलट भीमेच्या काठाला नदी, कालवे, उजनीचा फुगवटा आणि पाणी पाजलेले उसाचे फड. ओल भरपूर. शिवाय गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगटात साचते. म्हणून न्हावऱ्याकडून चौफुल्याला जाताना वर सगळं स्वच्छ दिसेल आणि पारगावच्या पुलाजवळ उतरल्यावर अचानक पांढरी भिंत उभी राहील. रस्ता एकच, पण वरच्या रस्त्याचा वेग खाली नेला की घात होतो. त्यात कुणी पाचट पेटवलं असेल तर धुराच्या कणांवर थेंब धरतात आणि धुकं आणखी दाट होतं.

हवामान खात्याच्या भाषेत 200 मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की दाट धुकं आणि 50 मीटरच्या आतलं दिसेनासं झालं की अतिदाट. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. 50 मीटरवर उभी ट्रॉली दिसली तर हातात तीन सेकंद. त्यातला एक तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतो. वेग 30 वर आणला की तेच सहा सेकंद होतात. आणि उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा बऱ्याचदा लोंबत्या उसाआड झाकलेला असतो. टायरगाडीला तर दिवाच नसतो. तिच्यावर ऊसतोड मजुरांचं अख्खं कुटुंब बसलेलं असतं.

मग करायचं काय? संध्याकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि अंगणात लवकर दव दिसलं, तर पहाटे धुक्याची शक्यता धरा. जमलं तर उशिरा निघा. ऊन चढून जमीन तापली की धुकं विरतं. निघावंच लागलं तर वेग कमी ठेवा आणि लाइट डिपरवर ठेवा. अपर लावला तर थेंबांवरून उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चला. पुढची गाडी गाठायला जाऊ नका. थांबायचं झालं तर डांबरावर नको, रस्ता सोडून खाली थांबा.

एकटीने करायचं ते एवढं. बाकीचं गटाने करायचं. बैठकीत दोन विषय घ्या. पहिला, गावातली प्रत्येक ट्रॉली, टायरगाडी आणि सायकल यांना मागून लाल रेडियम पट्टी लागलीच पाहिजे. पट्टीला पैसे फार लागत नाहीत. ती उसाने झाकणार नाही अशी खाली लावा. फडात आलेल्या टोळीच्या गाड्याही त्यात धरा. त्यांचं गाव लांब असलं तरी रस्ता आपलाच आहे. दुसरा, धुक्याच्या दिवसांत दूध संकलन अर्धा-पाऊण तास उशिरा ठेवता येईल का, ते डेअरीला विचारा. शाळेच्या गाडीचंही तेच.

धुकं आपल्या हातात नाही, ते नदीकाठी येणारच. पण त्या धुक्यात पुढची गाडी दिसावी, एवढी सोय आपल्याला नक्की करता येईल.