चौकटीबाहेरील नाणी : संग्राहकाच्या मुख्य विषयापलीकडील पुरावा

नाणेसंग्रह बहुधा छंद म्हणून सुरू होतो. त्याला अभ्यासाचे स्वरूप यावयाचे असेल, तर संग्राहकाला आपले क्षेत्र मर्यादित करावे लागते. कोणी मोगल बादशहांचे रुपये जमवतो, कोणी आदिलशाहीची तांब्याची नाणी, तर कोणी एकाच टांकसाळीच्या मागे लागतो. क्षेत्र एकदा ठरले की बाहेरचे नाणे परके वाटू लागते. ते अदलाबदलीत देऊन टाकले जाते, डब्याच्या तळाशी पडून राहते किंवा सराफाकडे चांदीच्या भावाने जाते. अशा प्रत्येक नाण्याला जागा देणे कोणालाच शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि जे परके नाणे मुख्य संग्रहातील नाण्यांविषयी प्रश्न उभा करते, ते राखून ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. मोगल रुपयांचा संग्रह उदाहरणादाखल घेऊन हा मुद्दा येथे स्पष्ट केला आहे.

मुख्य संग्रह : मोगल रुपया

शेरशहा सूरीने (कारकीर्द १५४०–१५४५) रूढ केलेला चांदीचा रुपया अकबराने स्वीकारला आणि पुढे तो साम्राज्याचे प्रमुख नाणे बनला. त्याचे वजन साधारणतः ११.४ ग्रॅम असे. औरंगजेबाच्या काळापासून रुढ झालेल्या नमुन्यात एका बाजूस बादशहाचे नाव व हिजरी सन असतो. दुसऱ्या बाजूस 'जर्ब' या शब्दासह टांकसाळीचे नाव आणि 'सनह जुलूस मैमनत मानूस' या शब्दांसह राज्यारोहणापासूनचे वर्ष असते. बादशहा, टांकसाळ व सन या तीन गोष्टींवरून संग्राहक आपली नाणी ओळीने लावतो. ही मांडणी सोपी वाटते. चौकटीबाहेरील नाणी हाती आली म्हणजे तिच्यातील गृहीतके उघडी पडतात.

थांबलेला सन

पहिले उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या रुपयाचे. त्यावर शाह आलम दुसरा (कारकीर्द १७५९–१८०६) याचे नाव, मुर्शिदाबाद टांकसाळ आणि जुलूस सन १९ असा मजकूर आढळतो. हिशेबाने हे वर्ष इ. स. १७७७-७८ च्या सुमाराचे ठरते. वस्तुतः हाच सन कायम ठेवून कंपनीने पुढे अनेक दशके, १८३५ पर्यंत, रुपये पाडले आणि त्यांतील पुष्कळसे कलकत्त्यास पाडले गेले. म्हणजे नाण्यावरील गावही खरे नव्हे आणि वर्षही खरे नव्हे.

यामागे बाजाराचे कारण होते. नाणे जुने झाले की ते झिजले असे मानून सराफ त्यावर बट्टा कापत. झीज प्रत्यक्षात थोडी असली तरी नाण्यावरील जुना सन पाहूनच बट्टा आकारला जाई. सर्व रुपयांवर एकच सन राहिला तर हा भेद करता येणार नाही, या विचाराने सन गोठवण्यात आला. १७९३ च्या नियमांनी बंगालमध्ये '१९ सन सिक्का' रुपयाला अधिकृत स्थान दिले. फर्रुखाबादी रुपयावर ४५ आणि सुरती रुपयावर ४६ असे स्थिर सन याच पद्धतीचे आहेत.

मोगल रुपयांच्या संग्राहकाने असा एक रुपया जवळ ठेवला, तर नाण्यावरील सन आणि नाणे पाडल्याचे वर्ष एकच असेल असे तो पुन्हा सहज गृहीत धरणार नाही.

एका नाण्यावर दोन लिप्या

दुसरे उदाहरण मराठा संस्थानांच्या टांकसाळींचे. शिवाजी महाराजांच्या शिवराई या तांब्याच्या नाण्यावर आणि सोन्याच्या होनावर नागरी अक्षरे होती. अठराव्या शतकात मात्र मराठा सरदारांच्या टांकसाळींतून निघालेले बहुतेक रुपये मोगल नमुन्याचे व फारसी मजकुराचे होते. व्यापाऱ्यांच्या ओळखीचे नाणेच बाजारात चालते, हे त्याचे व्यावहारिक कारण. पुण्याच्या अंकुशी रुपयाची ओळख त्यावरील अंकुशाच्या चिन्हावरून पटते. इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीची खूण किरणांसह सूर्यमुख ही आहे, तर अहिल्याबाईंच्या काळातील महेश्वरच्या नाण्यांवर बेलाचे पान व शिवलिंग दिसते. हाताने पाडलेल्या नाण्यात ठसा मोठा व चकती लहान असल्याने टांकसाळीचे नाव अनेकदा काठाबाहेर जाते. तेव्हा ही चिन्हेच आधार देतात.

मल्हारनगरच्या रुपयावर शाह आलमचे नाव त्याच्या १८०६ मधील मृत्यूनंतरही अनेक दशके चालू राहिले. बडोद्याच्या गायकवाडांनी अकबर शाह दुसरा याच्या नावाच्या रुपयावर आपल्या नावाचे नागरी आद्याक्षर घातले. आनंदरावांसाठी 'आ', गणपतरावांसाठी 'ग' अशी ती योजना होती. खंडेरावांच्या काळात (१८५६–१८७०) बादशहाचे नाव जाऊन 'सेना खासखेल समशेर बहादूर' हा किताब आला आणि तिसऱ्या सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयावर त्यांची मुद्रा व नागरी मजकूर आला. सार्वभौमत्वाची भाषा पायरीपायरीने कशी बदलली, हे या नाण्यांच्या ओळीत प्रत्यक्ष दिसते.

ज्याला केवळ नागरी येते त्याला अशा रुपयावर एक सुटे अक्षर दिसते. ज्याला केवळ फारसी लिपी येते तो त्या अक्षराला निव्वळ खूण समजून पुढे जाण्याचा संभव असतो. दोन्ही वाचता येतील तेव्हाच नाण्याचा पूर्ण अर्थ लागतो. निजामाच्या नाण्यांवरील ९२ या अंकाचेही असेच आहे. तो सन नव्हे आणि किंमतही नव्हे. अबजद पद्धतीने मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४ यांची बेरीज ९२ होते. हा 'मुहम्मद' या नावाचा अंक आहे.

नाण्यासारखे न दिसणारे नाणे

तिसरे उदाहरण लारी या नाण्याचे. गोल चकतीच्या अपेक्षेने पाहणाऱ्याला लारी ही मोडक्या दागिन्याची चांदीची तार वाटते. तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेला असतो. इराणमधील लार या ठिकाणावरून तिला नाव मिळाले. सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणचे आखात, अरबी समुद्राचा किनारा व श्रीलंका येथील व्यापारात ती चालत असे. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाच्याही लाऱ्या उपलब्ध आहेत.

लारीचे वजन सुमारे ४.८ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या निम्म्याहून कमी. आदिलशाहीची नाणी मुख्यतः तांब्याची होती. तिच्या अमलाखालील कोकणच्या बंदरांचा संबंध आखाताशी असल्याने तेथील व्यापाऱ्यांना परिचित अशा चांदीच्या नाण्याची गरज लारीने भागवली. मोगलांनी विजापूर घेतले ते १६८६ मध्ये. म्हणून दख्खनमधील मोगल रुपयांचा अभ्यास करणाऱ्याला ही तार विचारते की रुपया येण्यापूर्वी येथे कोणती चांदी चालत होती. वितळवलेली लारी हा प्रश्न विचारू शकत नाही. तिचा आकार लोकांच्या ओळखीचा नसल्याने तिला मुशीचा धोकाही अधिक असतो.

निवड आणि नोंद

चौकटीबाहेरील नाणे ठेवावे की नाही, याचा निर्णय एका वाक्यात लिहून पाहावा. "हे नाणे माझ्या संग्रहातील अमुक नाण्याविषयी अमुक गोष्ट सांगते," असे वाक्य लिहिता आले तर ते ठेवावे. लिहिता न आल्यास नोंद करून ते योग्य जागी जाऊ द्यावे. दुर्मीळ असणे हे एकच कारण पुरेसे नाही.

प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वाचलेला व न वाचता आलेला मजकूर आणि ते कोठून आले याची माहिती वहीत असावी. यांतील शेवटची बाब एकदा हरवली की परत मिळत नाही. नाणे चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये, कारण त्याने अक्षरांच्या कडा जातात. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांपेक्षा आम्लरहित कागदाची पाकिटे बरी. हिजरी सनावरून इसवी सन काढताना केवळ ५८३ किंवा ६२२ मिळवून भागत नाही. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. अशा रीतीने १२०२ हिजरी म्हणजे सुमारे १७८७-८८ हे उत्तर मिळते.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांपूर्वीची नाणी पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

महाविद्यालयीन अध्यापकांसमोरील काम

ओळख पटवण्यासाठी संदर्भसाधने उपलब्ध आहेत. माहेश्वरी व विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाण्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये नाशिकजवळील अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रकाशित केला. परंतु ग्रंथात जाईपर्यंत नाणे टिकले पाहिजे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील अनेक कुटुंबांच्या जुन्या पेट्यांत आजी-आजोबांच्या काळची चार-दोन नाणी असतात. घरात फारसी वाचणारे कोणी उरले नाही आणि चांदीचा भाव चढला, की ती सराफाच्या काट्यावर जातात.

इतिहास, उर्दू व मराठी या विभागांनी मिळून एक नोंदवही उघडली तर हे काही अंशी थांबवता येईल. विद्यार्थ्यांनी नाणे घरीच ठेवावे. त्याचे छायाचित्र, वजन आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती तेवढी आणावी. उर्दूच्या विद्यार्थ्याने फारसी मजकूर वाचावा, मराठीच्या विद्यार्थ्याने नागरी अक्षर ओळखावे, इतिहासाच्या विद्यार्थ्याने काळ ठरवावा. यासाठी संग्रहालय लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. ज्या महाविद्यालयात दोन्ही लिप्या शिकवल्या जातात, तेथे हे काम करू शकणारी माणसे आधीच हजर आहेत. पेट्यांतील नाणी मात्र दरवर्षी कमी होत जाणार आहेत.